पेटीतले बाळ आणि व्हरांड्यातली आई

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चाकूर हे गाव लातूर-नांदेड रस्त्यावर आहे. लातूर पस्तीसेक किलोमीटर, नांदेड शंभराच्या पुढे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. पण वर्षाच्या लेकराला रात्री झटके येऊ लागले किंवा आठ दिवसांचे बाळ निळे पडू लागले, की डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि ‘पुढे घेऊन जा’ म्हणतात. हे ‘पुढे’ म्हणजे लातूर की नांदेड, हे त्या क्षणी रोगावर ठरत नाही. गाडी कुणाची मिळते, खिशात किती आहे, लातुरात मावशी राहते की नांदेडला मेहुणा, घरी राहिलेल्या दोन लेकरांना कोण सांभाळणार, यावर ते ठरते. आजाराचा इतिहास डॉक्टर विचारतातच: ताप कधीपासून, अंगावर पिते का, लघवी शेवटची कधी झाली. घराचा इतिहास कोण विचारतो? आपल्या दवाखान्यांनी, आणि डॉक्टर घडवणाऱ्या महाविद्यालयांनी, लेकराबरोबर आलेल्या घराकडे आजवर कसे पाहिले, तेवढाच आजचा विषय आहे.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद. मुसा नदीच्या पुरानंतर बांधलेली उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत १९२५ च्या सुमाराची, आणि बायका-मुलांसाठीचे निलोफर रुग्णालय १९५३ चे. चाकूर तालुक्यातल्या लातूर रोड स्टेशनवरून विकाराबादमार्गे तिकडे जाता येई. पश्चिमेला दुसरी वाट होती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये तिचे दुसरे टोक मिरजेला टेकले. मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून चालू होते. दोन्ही वाटा लांबच्या. अशा प्रवासात आजारी लेकरू एकटे जात नसे. आई, आजी, एखादा चुलता, वळकटी, पिठाची पिशवी आणि दोन भांडी असे सगळे बरोबर निघायचे. दवाखान्यात जाणे म्हणजे घराचा एक तुकडाच हलवणे होते. दवाखाना मात्र त्या तुकड्यातल्या एकालाच ओळखायचा, खाटेवर असेल त्याला.

इंग्लंडात याच काळात गोष्ट अगदी उलटी होती. तिथे लहान मुलाला वॉर्डात ठेवले की आईबापांना दारातच थांबवत. भेटीची वेळ आठवड्यातून एखाद्या दुपारी. आई दिसली की मूल रडते आणि शिस्त बिघडते, असा समज. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने १९५२ मध्ये रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक साधा चित्रपट काढला, तो पाहून डॉक्टर मंडळी चिडली. पुढे सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९५९ मध्ये आईबापांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे असे सांगितले. आपल्याकडे हा लढा कुणाला द्यावा लागला नाही. आईला बाहेर काढले तर वॉर्ड चालणारच नाही, हे सर्वांना ठाऊक होते. बाटलीतले सलाईन संपत आले की नर्सला हाक मारणे, रक्ताची बाटली आणणे, चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात धावणे, तपासणीची नळी प्रयोगशाळेत पोचवणे, स्ट्रेचर ढकलणे ही सगळी कामे नातेवाईक करतात. म्हणजे आपला दवाखाना घराला आत घेतो, पण कामगार म्हणून. त्या माणसाने सकाळपासून काही खाल्ले आहे काय, हा प्रश्न त्यात बसत नाही.

घराची चौकशी करणारी पगारी व्यक्ती रुग्णालयात कशी आली, याचा उगम जरा गमतीशीर आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली ती दयेपोटी नव्हे. ऐपत असून फुकट उपचार घेणारे लोक शोधून काढावेत, हे त्यांचे मुख्य काम. संशयातून जन्मलेले हे पद हळूहळू मदतीकडे वळले. (आपल्याकडे रेशनकार्डाचा रंग तपासणाऱ्या खिडकीवर तो पहिला संशय अजून टिकून आहे, असे मला वाटते.) अमेरिकेत बोस्टनला डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये बाह्यरुग्ण विभागात एक समाजसेविका नेमली. विश्रांती घ्या, दूध प्या, हवापालट करा, असे आपण ज्याला सांगतो त्याच्या घरी यातले काय शक्य आहे हे आपल्याला माहीतच नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. तिला बसायला व्हरांड्याचा एक कोपरा मिळाला. सुरुवातीला रुग्णालयाने तिचा खर्चही उचलला नाही.

मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. समितीने सांगितले की उद्याचा डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ असला पाहिजे आणि त्यासाठी शिक्षणात तीन महिने वेगळे द्यावेत. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत पुढे ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद रूढ झाले. नाव भारदस्त आहे, पण प्रत्यक्षात एक टेबल, दोन खुर्च्या आणि दारासमोर रांग. बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधायचे, धर्मादाय संस्थांकडून औषधाची सोय करायची, कृत्रिम पायासाठी अर्ज भरायचे, आणि ही सारी कामे बहुतेक दिवसाउजेडी. लेकरे गंभीर होतात ती वेळ बघून होत नाहीत.

पण माझ्या मते या गोष्टीचे मर्म ज्यांना सर्वांत आधी कळले ते कुठल्या महाविद्यालयात शिकलेले नव्हते. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्याच माणसाने १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. देवाच्या दारी आलेला आणि दवाखान्याच्या दारी आलेला, दोघांची रात्रीची अडचण एकच, हे त्यांनी ओळखले. पाठ टेकायला जागा, आंघोळीला पाणी, भाकरी भाजायला चूल. ज्याला हे मिळते तो पाचव्या दिवशी ‘आता घरी नेतो’ म्हणत नाही. गाडगे महाराजांनी उपचारांना हात लावला नाही, तरी उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढवली. रुग्णालयाचा आराखडा काढताना आजही खाटा मोजतात, नातेवाईक मोजत नाहीत.

मराठवाड्यात डॉक्टर घडायला लागले ते १९५६ मध्ये औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्याहून लातूरला आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. १९७४ मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. नांदेडचे महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे सरकारी २००२ चे. अंबाजोगाईच्या नावातला ‘ग्रामीण’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो नुसता पत्ता नव्हता, ते एक वचन होते. खेड्यातल्या घराच्या अडचणी समजणारा डॉक्टर इथे तयार होईल, असे ते वचन. १९७७ मध्ये केंद्र सरकारनेही वैद्यकीय शिक्षण खेड्याकडे वळवण्याची योजना काढली, प्रत्येक महाविद्यालयाला प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडून दिली, मोठ्या गाड्या दिल्या. गाड्या काही वर्षांत थकल्या. अभ्यासक्रमात ‘जनऔषधवैद्यकशास्त्र’ नावाचा विषय राहिला, परीक्षेआधी पाठ करायचा आणि नंतर विसरायचा. समाजसेवकाचे पदही याच विभागाकडे. अपघात विभागात रात्री उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरचा आणि या विभागाचा संबंध क्वचितच येतो.

घर हे उपचारातले ओझे नसून हात आहे, हे दाखवणारे लोक महाविद्यालयांच्या बाहेर काम करत होते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात करून पिंपांत भरले आणि ते पाजायचे काम आया-आज्यांना दिले. तिथले मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. नर्स नव्हत्या म्हणून नातेवाइकांना हाताशी धरले, हे खरे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: समजावून सांगितले तर आई आणीबाणीचा उपचार करू शकते.

आपल्या शेजारी, बीड जिल्ह्याच्या सीमेवरच्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. त्याआधी त्यांनी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले होते. बरे करून पाठवलेली लेकरे काही आठवड्यांनी त्याच जुलाबाने, त्याच कुपोषणाने परत येतात, हे त्यांनी तिथे पाहिले होते. जामखेडला त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या बायकांना घर विचारून घ्यावे लागत नसे, त्यांना ते माहीतच असे. कुणाच्या घरी सासू दूध अडवते, कुणाचा नवरा कामाला परगावी गेला आहे, कुणाची विहीर आटली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूतांचा प्रयोग केला आणि त्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. २०११ मध्ये केंद्राने ते धोरण म्हणून स्वीकारले. आज आशाताई जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, त्याचे मूळ तिथे आहे. मात्र हे सारे ज्ञान गावाच्या वेशीपर्यंतच थांबले. लेकरू गाडीत घातले आणि शहराकडे निघाले की ते मागेच राहते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्या दिवसांत दवाखान्यांसमोर जो प्रश्न उभा राहिला तो रोजच्या प्रश्नाचेच भयंकर रूप होते. लेकरू वाचले, पण केसपेपरवर ‘नातेवाईक’ या रकान्यात कुणाचे नाव लिहायचे? बरे झाल्यावर त्याला कुणाच्या हाती द्यायचे? भूकंपग्रस्त बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे आपल्या भागात सर्वांच्या स्मरणात आहे. समाजसेवक, मानसोपचारतज्ज्ञ, स्वयंसेवक लातूर-उस्मानाबादकडे धावले. आपत्ती मोठी असली की घराची विचारपूस होते. ती रोजची असली की होत नाही.

आता एका शब्दाकडे येतो. केसपेपरच्या शेवटी पुष्कळदा तो लिहिलेला असतो: ‘डामा’. इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द आता आपल्याकडच्या वॉर्डांत मराठीच झाला आहे. ‘त्यांनी डामा घेतला’ म्हणजे वैद्यकीय सल्ला न मानता रुग्णाला घरी नेले. खाली नातेवाइकाची सही किंवा अंगठा. कायद्याच्या दृष्टीने कागद पूर्ण होतो आणि डॉक्टरची जबाबदारी संपते. त्या कागदावर ‘का’ हा रकाना नसतो. मराठवाड्यातल्या बालमृत्यूंचा इतिहास उद्या कुणी लिहायला बसले आणि रुग्णालयाची रजिस्टरे उघडली, तर त्याला न्यूमोनिया दिसेल, कावीळ दिसेल, कमी वजन दिसेल आणि डामा दिसेल. डामाच्या मागे काय होते ते दिसणार नाही.

मागे असते ते साधेच असते. ऊसतोडीचे उदाहरण घ्या. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, बीडमधून सर्वाधिक, पण अहमदपूर, जळकोट, मुखेड, कंधार या बाजूंनीही, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. लेकरू आजारी पडून आई दवाखान्यात बसली की कोयता मोडतो, खाडा पडतो आणि मुकादमाच्या वहीत त्याची नोंद होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकराचा ताप उतरतो. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनचा कोर्स अजून सहा दिवसांचा आहे. बाप म्हणतो, आता बरंय की, सोडा. डॉक्टरच्या नजरेत हा बाप अडाणी आणि बेफिकीर. बापाच्या हिशेबात सहा दिवस म्हणजे काय, हे डॉक्टरला कुणी शिकवलेले नाही, आणि बापालाही ते डॉक्टरसमोर मांडता येत नाही. कर्जाचे बोलायला लाज वाटते. मग तो ‘देवाचं करायचंय’ किंवा ‘घरी म्हातारी एकटीय’ असे काहीतरी सांगतो आणि त्याच्याविषयीचे मत आणखी पक्के होते.

आईचीही गोष्ट अशीच. नवजात बाळाला ‘पेटीत ठेवले’ असे आपण म्हणतो. बाळाच्या पेटीला ऊब आहे, यंत्र आहे, नर्स आहे. बाळंतीण मात्र टाके घेतलेल्या अंगाने व्हरांड्यातल्या फरशीवर बसलेली असते. दर दोन-तीन तासांनी तिने दूध काढून द्यायचे, आणि त्यासाठी तिने जेवलेले असायला हवे. सही हवी असली की ‘बाप कुठंय?’ असा पुकारा होतो. खरे तर लेकराचा सांभाळ करणाऱ्या आईची संमती कायद्याला चालते. तरीही बाप येईपर्यंत कागद थांबल्याचे प्रसंग घडतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी दहा टक्के खाटा राखाव्या लागतात. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. या योजनेने रुग्णालयाच्या दारात ‘आरोग्यमित्र’ बसवला. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका डॉक्टरसह रस्त्यावर आल्या. चाकूरच्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार पूर्ण मोफत झाले. पण तो निर्णय त्या विभागापुरता होता, वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या विभागाकडे. चिठ्ठी घेऊन ‘पुढे’ जाणाऱ्या माणसाला मंत्रालयातली ही भिंत कशी कळावी?

१ जून २०११ ची जननी शिशू सुरक्षा योजना या बाबतीत बारकाईने वाचण्यासारखी आहे. प्रसूतीसाठी आलेल्या बाईला मोफत औषध, तपासणी, रक्त, जाण्यायेण्याची गाडी आणि रुग्णालयात असेपर्यंत जेवण. आजारी नवजात बाळालाही औषध, तपासणी, रक्त, घरून येण्याची, पुढे नेण्याची आणि परत सोडण्याची गाडी. मूळ यादीत फरक एकाच ओळीचा आहे. बाळाच्या यादीत जेवण नाही. बाळ जेवत नाही, हे बरोबरच. पण विसाव्या दिवशी बाळ पुन्हा भरती झाले, तर आई आता ‘रुग्ण’ राहिलेली नसते, ती नातेवाईक झालेली असते. काही रुग्णालये स्वतःहून तिला ताट देतात, काही ठिकाणी एखादी सेवाभावी संस्था डबा आणते. कुठे काय मिळेल हे नशिबावर. याउलट मेळघाटातल्या बालमृत्यूंनंतर १९९५ मध्ये आलेल्या नवसंजीवन योजनेत आदिवासी भागांसाठी ‘बुडित मजुरी’ नावाची तरतूद झाली. आजारी लेकराजवळ बसणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, ती भरून द्यायची. सरकारी भाषेत इतका नेमका शब्द क्वचित सापडतो. ज्याने तो काढला त्याने व्हरांड्यातल्या माणसाकडे नीट पाहिले होते. नांदेड जिल्ह्यातला किनवट आदिवासी भागात मोडतो, चाकूर मोडत नाही. मजुरी मात्र दोन्हीकडे सारखीच बुडते.

हे सगळे न पाहिल्याचा परिणाम एका वेगळ्याच दारातून आत येतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला अमानुष मारहाण झाली, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मारहाणीचे समर्थन कुणीही करू नये, मीही करत नाही. त्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सुरक्षारक्षक वाढले आणि रुग्णामागे दोन नातेवाइकांचे पास आले. गर्दी कमी झाली, तेवढे चांगलेच. पण दाराबाहेर राहिलेल्या बाकीच्यांना आतली खबर कोण सांगणार, याची व्यवस्था पासाबरोबर आली नाही. सलग चोवीस-छत्तीस तास जागा असलेला पंचविशीतला डॉक्टर आणि तितकाच जागा असलेला बाप, दोघांच्या मध्ये तिसरे कुणी नाही.

१ ऑक्टोबर २०२३ च्या आसपास नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. देशभर बातमी गेली. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे होती की नव्हती, पदे किती रिकामी, खरेदी कुठे अडली, यावर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. रुग्णालयाची बाजू अशी होती की सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरात दुसरे मोठे सरकारी रुग्णालय नाही आणि रुग्ण फार उशिरा, अत्यवस्थ होऊन येतात. ‘उशिरा’ या शब्दापाशी चर्चा थांबली, हे मला खटकले. मातामृत्यूंच्या अभ्यासकांनी १९९४ पासून उशिराचे तीन टप्पे मानले आहेत: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला उशीर, पोचण्यातला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. त्या बारा बाळांपैकी प्रत्येकाचा उशीर कोणत्या टप्प्यावर झाला? किती दवाखाने पालथे घालून ती आली? पहिल्या दवाखान्यात पैसे संपले म्हणून कोण आले? ही माहिती उपचाराइतकीच उपचाराच्या इतिहासाचा भाग आहे, आणि ती विचारण्याची जागा केसपेपरवर असती तर ती न्यायालयालाही उपयोगी पडली असती.

विचारायचे कसे, हे शिकवता येते का? बोस्टनमध्ये डॉ. बॅरी झुकरमन या बालरोगतज्ज्ञांनी १९९३ मध्ये आपल्या विभागात चक्क एक वकील नेमला. ओल्या, बुरशी धरलेल्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा दमा औषधाने जाईना, तेव्हा घरमालकाला नोटीस पाठवणे हाच इलाज होता. १९९६ मध्ये त्याच रुग्णालयात रिबेका ओनी या विद्यार्थिनीने त्यांच्या मदतीने एक टेबल सुरू केले. डॉक्टरने अन्न, घरभाडे, कामधंदा यांची अडचण कागदावर लिहायची आणि टेबलावरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्यासाठी फोन करायचे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने गरिबीची विचारपूस हा तपासणीचाच भाग मानला. झुकरमन यांच्या प्रयोगातून मला घ्यावासा वाटतो तो एक साधा मुद्दा. डॉक्टर हे प्रश्न विचारत नाहीत ते निर्दयपणामुळे नव्हे. उत्तर ऐकून करायचे काय, हे त्यांना माहीत नसते. जेवण नाही असे आईने सांगितले आणि आपल्याजवळ जेवण नसले, तर विचारणाराच अडचणीत येतो.

आपल्याकडे २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचे पाठ आले. वाईट बातमी कशी सांगावी, हे आता विद्यार्थी शिकतात. २०२२ पासून ‘कुटुंब दत्तक’ उपक्रम आला. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबे नेमून देतात आणि त्याने शिक्षणभर त्यांच्याकडे जायचे. लातूर, नांदेड, अंबाजोगाईची मुले गाडीतून गावात जातात, वजने घेतात, नोंदी भरतात. भोर समितीच्या ‘सामाजिक वैद्या’ची ही सर्वांत जवळची आवृत्ती म्हणता येईल. ती अजून दिवसाची आणि गावातली आहे. त्याच कुटुंबातले लेकरू रात्री अपघात विभागात आले तर तिथे उभा असलेला डॉक्टर वेगळा, आणि दत्तक नोंदवही वसतिगृहातल्या टेबलावर.

या दोन्हींची गाठ घालायला फार पैसा लागणार नाही असे मला वाटते. बालरुग्ण विभागाच्या दाराशी रात्रपाळीला एक टेबल, त्यावर आळीपाळीने एक इंटर्न आणि दुसऱ्या दिवशी त्याची चिठ्ठी वाचणारा समाजसेवा अधीक्षक. चार प्रश्न: कसे आलात, घरी लेकरांजवळ कोण आहे, जेवलात का, किती दिवस थांबू शकाल. इंटर्नच्या वहीत आरोग्यमित्राचा, जवळच्या धर्मशाळेचा, डबा देणाऱ्या संस्थेचा आणि गाडीचा क्रमांक. राहिला गावचा क्रमांक. माता-बाल संरक्षण कार्डावर आशाताईचे नाव आणि फोन लिहायची जागा असते, आणि ते कार्ड आई पिशवीत घालून बरोबर घेऊनच आलेली असते.